अजिंक्यतारा : एका कुनामाचा विचार

शास्त्रीय नामकरणाच्या चर्चेंत ‘कॅकोनिम’ असा एक विरळ पारिभाषिक शब्द येतो. ग्रीक भाषेंत ‘काकोस्’ म्हणजे वाईट व ‘ओनिमा’ म्हणजे नांव. घडणींत बिघडलेलें अथवा वस्तूस न शोभणारें नांव, असा त्याचा अर्थ. मराठींत त्यास ‘दुर्नाम’ म्हणावें असें प्रथम सुचतें. परंतु वैद्यकग्रंथांत दुर्नाम म्हणजे मूळव्याध, त्यामुळें हा पर्याय स्वतःच आपल्या अर्थाचें उदाहरण होऊन बसतो! म्हणून आम्ही येथें ‘कुनाम’ हा शब्द योजितों.

सातारच्या किल्ल्याचें अजिंक्यतारा हें नांव घडणीच्या दृष्टीनें उघड कुनाम आहे. संस्कृतांत ‘जि’ धातूपासून अजेय किंवा अजय्य अशीं रूपें होतात. ‘अजिंक्य’ होत नाहीं. मराठी ‘जिंक’ या धातूस मागें-पुढें संस्कृत लेणीं चढवून तो शब्द सिद्ध झाला आहे. उत्तरपद ‘तारा’ हें तर त्याहून चमत्कारिक. सातारा या नांवाचा फोड ‘सा’ आणि ‘तारा’ असा कोणत्याही व्युत्पत्तीनें होत नाहीं. मग हें शेपूट तोडलें कोणी?

याचें उत्तर इ. स. १७०० मध्यें सांपडतें. डिसेंबर १६९९ मध्यें औरंगजेबानें साताऱ्यास वेढा घातला. प्रयागजी प्रभूनें गड नेटानें लढविला, परंतु एप्रिल १७०० मध्यें तो मोगलांचे हातीं गेला आणि शाहजादा आझम याच्या नांवावरून त्यास आझमतारा म्हणूं लागले. त्याच सालीं जून महिन्यांत परळीचा किल्ला, म्हणजे सज्जनगड, पडला. त्याचें नांव ठेविलें नौरसतारा. परळी या शब्दांत तारा कोठेंच नाहीं. तेव्हां ‘तारा’ हा तुटलेला अंश एव्हांना स्वतंत्र प्रत्ययाप्रमाणें वापरांत आला होता, हें स्पष्ट दिसतें. पुढें गड मराठ्यांकडे परत आल्यावर अजिंक्यतारा हें नांव पडलें, अशी परंपरा आहे. म्हणजे शत्रूनें दिलेल्या नांवाचें पूर्वपद तेवढें बदललें, उत्तरपद तसेंच राहिलें. मराठी लेखनांत आझमताऱ्याचें ‘अजीमतारा’ असेंही रूप आढळतें. त्याच्या ध्वनीशीं ‘अजिंक्यतारा’ किती जवळ आहे तें वाचकांनीं उच्चारून पाहावें. हा ध्वनिसाम्याचा मुद्दा आमचा तर्क आहे. प्रत्ययाचा मुद्दा मात्र आम्ही तर्कापेक्षां बळकट समजतों.

आतां कोणी व्याकरणाभिमानी ‘अजेयदुर्ग’ असें निर्दोष नांव सुचवील. तसें नांव घडविण्याची विद्या त्या काळीं नव्हती असें नाहीं. राज्यव्यवहारकोश शिवाजीमहाराजांच्या हयातींतच सिद्ध झाला होता. परंतु निर्दोष नांवांत १७०० सालचा वेढा दिसला नसता. मोडी कागद बाळबोधींत उतरतांना विशेषनामें ‘शुद्ध’ करून छापण्याची जी हौस आहे, तिला आमचा आक्षेप आहे तो यासाठींच. मोडींत इकाराचा ऱ्हस्वदीर्घभेद पाळीत नाहींत, तेवढ्यापुरती मोकळीक क्षम्य; त्यापलीकडची दुरुस्ती तळटीपेंत जावी, मूळ पाठांत नव्हे. वनस्पतिशास्त्रज्ञांचा नियम या बाबतींत अनुकरणीय आहे. नांव अयोग्य किंवा अप्रिय आहे एवढ्याच कारणास्तव तें टाकतां येत नाहीं. लिनिअसनें १७५३ मध्यें एका भूमध्यसागरी वनस्पतीस ‘पेरूव्हिआना’ म्हटलें. ती पेरू देशांत उगवत नाहीं, तरी नांव कायम आहे.

शुद्धीची हौस जशी नांवास बाधते, तशी अर्थ लावण्याची हौसही बाधते. सातारा म्हणजे किल्ल्याचे सतरा तट, बुरूज व दरवाजे, ही व्युत्पत्ति १८८५ च्या मुंबई गॅझेटिअरांत आहे. पण तेथेंही ते सतरा असल्याची केवळ समजूत म्हणूनच सांगितली आहे. दोन स्वर दीर्घ कां झाले, याचा उलगडा तींत नाहीं. सांगली म्हणजे ‘सहा गल्ली’ ही त्याहून दुबळी. मराठींत सहा गल्ल्या होतात, गल्ली नव्हे. आणि ‘सां’ वरील अनुस्वार आला कोठून?

सांगलीकडे घडणीनें निर्दोष पण निवडीनें सदोष असें नांवही होऊन गेलें. १९४९ मध्यें जुना सातारा जिल्हा विभागून, त्यांत संस्थानी मुलूख मिळवून, ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला. त्याचें मुख्य ठाणें सांगली, आणि सातारा शहर हद्दीबाहेर! १९६० मध्यें त्यास सांगली हें नांव मिळालें, तें योग्यच झालें. परंतु संग्राहकांनीं आपल्या रुमालांवरील जुन्या चिठ्ठ्या त्याबरहुकूम बदलूं नयेत. तासगांवच्या एखाद्या बिनतारखी कागदावर ‘जिल्हा दक्षिण सातारा’ असा शिक्का असेल, तर तो शिक्का १९४९ ते १९६० या अकरा वर्षांतला होय. त्यावर ‘सांगली’ असें लिहिलें कीं तेवढीही काळाची खूण गेली.