सणाला जमलेले घर आणि मराठी चित्रपट

सणासाठी जमलेल्या घरातली भांडणे हा विषय मराठी पडद्यावर उशिरा ठळक झाला. जोडी फॉस्टरच्या ‘होम फॉर द हॉलिडेज’मध्ये (१९९५) थँक्सगिव्हिंगचे जेवण जे काम करते, ते मराठीत आधी मरणाकडे होते. महेश एलकुंचवारांच्या ‘वाडा चिरेबंदी’त (१९८५) वडील गेल्यावर मुंबईचा सुधीर धरणगावच्या वाड्यात येतो आणि तेराव्याच्या खर्चापासून दागिन्यांपर्यंत सारे चव्हाट्यावर येते. ते नाटक विनोदी नाही, पण पुढच्या चित्रपटांचा सांगाडा तिथेच तयार झाला. मंगेश जोशी यांच्या ‘कारखानिसांची वारी’ने (२०२०) तोच सांगाडा अस्थी घेऊन निघालेल्या गाडीत बसवला आणि तो हसवूही लागला.

राजेश मापुस्कर यांच्या ‘व्हेंटिलेटर’ने (२०१६) मरण आणि सण एकत्र आणले. गणपती तोंडावर आलेले आणि गजूकाका अत्यवस्थ. ते गेले तर सुतक, आणि सुतकात गणपती बसायचा नाही. या पेचातून विनोद आपोआप निघतो, मुद्दाम विनोदी पात्रे आणावी लागत नाहीत. बापलेकांतला दुरावाही त्याच मुदतीच्या दडपणाखाली उघडा पडतो. दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार या पटाला मिळाला, तो रास्तच होता.

नंतरच्या पटांत मुदतीची ही धार बोथट झाली. केदार शिंदे यांच्या ‘बाईपण भारी देवा’त (२०२३) मंगळागौरीची स्पर्धा सहा दुरावलेल्या बहिणींना एकत्र आणते. त्यांची जुनी उणीदुणी खरी वाटतात, समेट मात्र फार लवकर होतो. नवज्योत बांदिवडेकर यांचा ‘घरत गणपती’ (२०२४) कोकणातले घर देखणे दाखवतो. पण जे वाद बोलून मिटायचे, त्यातले बरेचसे आरास आणि आरतीच मिटवून टाकतात.

या पटांचा भूगोलही मुंबई, पुणे, कोकणाच्या फारसा पलीकडे जात नाही. देशावर घर भरते ते यात्रेला. कोरेगाव, खटाव, माण या सातारा जिल्ह्यातल्या तालुक्यांत गुढीपाडव्यानंतर गावोगावच्या यात्रा सुरू होतात आणि माथाडी वा गिरणीकामासाठी गेलेल्यांच्या पुढच्या पिढ्या, म्हणजे गावाच्या भाषेत ‘मुंबईकर’, रजा टाकून येतात. वर्गणी कोणी किती द्यायची, पालखीचा मान कोणत्या घराचा, पाहुण्यांचे मटण कोणाच्या चुलीवर शिजायचे, यावरून भावकी पेटते. बांधाचा आणि सातबाऱ्यावरच्या नावांचा विषयही तेव्हाच निघतो, कारण सह्या करणारे सगळे एरवी एका जागी सापडत नाहीत. माहेरवाशिणीपुढे हक्कसोडपत्र सरकवण्याची ही सोयीची वेळ. इतके आयते नाट्य असूनही मराठी विनोदी पटाचे या घरांकडे फारसे लक्ष गेले नाही. शिंदे यांच्याच ‘जत्रा’त (२००६) चुरस दोन गावांची आहे, घराची नाही, तमाशापटांनी यात्रा दाखवली ती फडाच्या बाजूने. गावाकडचा विनोद म्हटले की अजूनही सरपंच आणि निवडणूकच आठवते.