वाळवंटातले आचार आणि यवनाची दोन टाकी

मंडळी, विषय जाहीर झाल्यावर दोघातिघांनी आम्हाला विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेली आणि आता सत्तरी उलटल्यावर हे जादूच्या कादंबऱ्यांचं काय काढलंत? त्याचं उत्तर आधी देऊन टाकतो. काल्पनिक समाज रचणाऱ्या लेखकाला एक गोष्ट ठरवावीच लागते, ती म्हणजे माणसं रीत पाळतात ती कशामुळे. हे ठरवल्याशिवाय त्याला साधा नमस्कारसुद्धा रचता येत नाही. लेखकाने मनाशी काय गृहीत धरलंय ते उकलून पाहणं हा आमचा जुना धंदा आहे. आणि दुसरं कारण असं, की जुन्नर-आंबेगावची जी मुलं आता ह्या कादंबऱ्या वाचतात, मालिका बघतात, ती पाण्याच्या भांडणात वाढलेली मुलं आहेत. त्यांनी वाळवंटातल्या लोकांविषयी वाचावं आणि आपल्या पाणवठ्याचा विचार करू नये, हे काही बरं नव्हे.

आज मुख्यतः एकाच समाजाविषयी बोलू. रॉबर्ट जॉर्डन ह्या अमेरिकन लेखकाची 'व्हील ऑफ टाइम' नावाची चौदा खंडांची माला आहे. पहिला खंड १९९० सालचा, शेवटचा २०१३ सालचा. जॉर्डन २००७ साली वारले, शेवटचे तीन खंड ब्रँडन सँडरसन यांनी त्यांच्या टिपणांच्या आधारे पुरे केले. तीत 'आयील' नावाचे वाळवंटी लोक आहेत. त्यांच्या रीतींची यादी करायला बसलो तर व्याख्यान तिथेच संपेल, म्हणून निवडक सांगतो. आयील माणूस तलवारीला हात लावत नाही. भाला, सुरा, धनुष्य चालतं. कुणाचा जीव घेण्याआधी तो तोंडावर बुरखा ओढतो. घर बाईच्या मालकीचं. पाहुण्याला पाणी आणि सावली देणं ही यजमानाची पहिली जबाबदारी. लढाईत हत्यारबंद शत्रूला इजा न करता नुसता स्पर्श केला, तर तो शत्रू पांढरे कपडे घालून एक वर्ष आणि एक दिवस तुमची सेवा करतो. ह्या काळात तो हत्यार उचलत नाही आणि पळूनही जात नाही. सगळं आयुष्य दोन शब्दांवर तोललेलं: मान आणि देणं. देणं म्हणजे ऋण. कुणाचा अपमान झाला, कुणाचं नुकसान झालं, की त्याचं देणं लागतं आणि ते कसं फेडायचं हे देणेकऱ्याने स्वतः ठरवायचं.

ह्यात बेदुइन आहेत, अपाचे आहेत, झुलू आहेत, जपानी सामुराई आहेत. तुकडे ओळखू येतात. ती काही आमची तक्रार नाही. उधार-उसनवार सगळेच करतात, गोधडी शिवणाऱ्या बाईला कापड कुठून आणलं असं आपण विचारत नाही. टाके पक्के आहेत का, ते बघायचं.

टाक्यांची पारख करायला शेजारी दुसरा नमुना ठेवू. फ्रँक हर्बर्ट यांची 'ड्यून' ही १९६५ सालची कादंबरी. त्यातले फ्रेमेन तुम्ही बहुतेकांनी सिनेमात पाहिलेत. एका बैठकीत त्यांचा नायक राजासमोर मेजावर थुंकतो. दरबारी चिडतात, पण जाणता माणूस त्याचे आभार मानतो, कारण आपल्या अंगातला ओलावा त्याने भेट दिलाय. माणूस मेला की त्याच्या देहातलं पाणी टोळीच्या साठ्यात जातं. मृतासाठी डोळ्यांतून पाणी काढलं तर सगळे थक्क होतात. पहिल्या वाचनाला हे सगळं विलक्षण वाटतं, आणि आहेही. पण दुसऱ्या वाचनाला एक गोष्ट जाणवते. प्रत्येक रीत एकाच कारणातून निघते. पाणी नाही, म्हणून हे. पाणी नाही, म्हणून ते. यंत्र खोलून दाखवावं तसा समाज खोलून दाखवता येतो. हवामानावरून माणसांचा स्वभाव आणि कायदे सांगण्याची ही पद्धत मोंतेस्क्यूने १७४८ साली मोठ्या थाटात मांडली होती. पद्धत सोयीची आहे. तिच्यात एकच अडचण आहे, ती अशी की खरी माणसं तिच्यात बसत नाहीत. आणे पठारावर पाऊस कमी, आणि भीमाशंकरच्या माथ्यावर तो आषाढ-श्रावणात दम घेत नाही. पाण्यावरूनच रीती ठरत असत्या, तर ह्या दोन टोकांची माणसं एकमेकांना ओळखू आली नसती. आणि इथे तर दोन्हीकडे दारी आलेल्याला आधी पाण्याचा तांब्या देतात.

जॉर्डन इथे हर्बर्टच्या पुढे गेले, असं आमचं मत आहे. आयील तलवार का धरत नाहीत, ह्याचं उत्तर वाळवंटात नाही. ते मालेच्या चौथ्या खंडात येतं, १९९२ सालच्या. मालिका बघणाऱ्यांनी ते २०२५ साली तिसऱ्या पर्वात पाहिलं असेल. टोळीचा नायक व्हायचं असेल त्याला एका ओसाड नगरात काचेच्या खांबांमधून चालत जावं लागतं, आणि चालताना तो आपल्या पूर्वजांच्या डोळ्यांनी भूतकाळ पाहतो, नातवापासून आजोबाकडे, असा उलटा. त्यात त्याला कळतं की आपले पूर्वज योद्धे नव्हतेच. ते अहिंसेची शपथ घेतलेले सेवक होते. जग मोडलं, ते गाड्या घेऊन रानोमाळ भटकत राहिले, लुटले गेले. एकदा काही पोरींना पळवून नेलं, तेव्हा काही तरुण मुलगे त्यांना सोडवायला गेले, आणि सोडवताना त्यांच्या हातून माणसं मेली. परत आल्यावर त्यांतल्या एकाला त्याची आई म्हणते, तोंड झाक. ह्या चेहऱ्याचा एक मुलगा मला होता. तो चेहरा खुन्याच्या खांद्यावर मला बघायचा नाही.

तो बुरखा तिथून आला. आणि भाला चालतो, तलवार नाही, ह्याचं कारण असं की भाल्याने शिकार होते, चूल पेटते. तलवारीला माणूस मारण्याखेरीज दुसरं कामच नाही. मोडलेल्या शपथेतून जेवढी वाचवता आली तेवढी ही शपथ. पुढे शेकडो पिढ्या रीत पाळली गेली, कारण विसरलं गेलं. ज्यांना कारण दिसतं त्यांच्यातले कित्येक ते सहन न होऊन तिथेच संपतात. आम्हाला विचाराल तर सबंध मालेतली ही पन्नास-साठ पानंच तेवढी वाङ्मय म्हणून टिकतील. बाकीच्या खंडांत पोशाखांची वर्णनं फार आहेत.

त्याच प्रकरणांत आणखी एक धागा आहे, तो आम्हाला ह्या भागातला माणूस म्हणून जास्त जवळचा. रानोमाळ भटकणाऱ्या त्या आयील लोकांना वाटेत कुणी उभं करत नव्हतं. एका समाजाने मात्र त्यांना न मागता पाणी भरू दिलं. हजारो वर्षांनी त्या समाजाचे वंशज कोण हे आयील लोकांनी शोधून काढलं, त्यांना एका दुर्मिळ वृक्षाचं रोप भेट दिलं, आणि आपल्या वाळवंटातून व्यापाराची वाट मोकळी केली. काही शतकांनी त्यांच्या राजाने सिंहासन करायला तो वृक्ष तोडला. आयील डोंगर ओलांडून आले, त्या राजाला मारलं, आणि एक तसूभर जमीन न घेता परत गेले. इतरांना वाटलं, ह्या रानटी लोकांनी स्वारी केली. त्यांच्या लेखी ते पाण्याच्या एका भांड्याचं शेवटचं देणं होतं.

आता जुन्नरला या. इथल्या लेण्यांत एक छोटासा शिलालेख आहे. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. मजकूर एवढाच, की गतांपैकी इरिल नावाच्या यवनाने दोन 'पोढी' दान दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. मानमोडीच्या लेण्यांत दुसरा एक लेख आहे: महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने ४६व्या वर्षी एक पोढी आणि एक मंडप दिला. नाणेघाटाने कोकणातून चढून येणाऱ्या व्यापाऱ्याला घाटातली टाकी आधी दिसत, मग गाव. इरिल कोण, कुठला, त्याला घर होतं का, बायकामुलं होती का, ह्यातलं काही त्या लेखात नाही. परक्या नावाच्या एका माणसाने आमच्या डोंगरात पाण्याची दोन टाकी दिली, आणि दोन हजार वर्षांच्या आसपास झाली तरी ते दान त्याच्या नावावर आहे. आपल्या शास्त्रकारांनी विहिरी-तळी बांधण्याला 'पूर्त' म्हटलं आणि यज्ञयागाच्या जोडीला बसवलं, इष्टापूर्त. जॉर्डनने हा लेख वाचलेला असणं शक्य नाही. पण पाणी देणाऱ्याचं नाव पिढ्यान् पिढ्या राहतं, ही जाण दोन्हीकडे एकच आहे.

इथवर कौतुक झालं. आता आमचा आक्षेप.

पाणी कुणी दिलं हे आयील लक्षात ठेवतात. कुणी अडवलं, हे मात्र त्या मालेत नीट कुठेच येत नाही. म्हणजे बाहेरचे अडवतात. टोळीच्या आत सगळे एका भांड्यातून पितात. फ्रेमेनांचंही तसंच. 'ड्यून'मध्ये पाण्यावरून उच्चनीच दाखवणारा एक जबरदस्त प्रसंग आहे: राजवाड्यात जेवणाआधी पाहुण्यांनी हात धुवायचे, पाणी मुद्दाम जमिनीवर सांडायचं, आणि त्या ओल्या पंचांचं पिळलेलं पाणी दाराशी भिकाऱ्यांना द्यायचं. नवा राजा ही रीत बंद करतो. पण बघा, ही रीत शहरातल्या सत्ताधाऱ्यांची. वाळवंटातल्या लोकांना लेखकाने त्यापासून सोवळं ठेवलंय. टंचाई आली की माणसं आपोआप सारखी होतात, असं ह्या दोघांनीही गृहीत धरलं.

महाराष्ट्रात वाढलेल्या वाचकाला हे पटायला नको. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन महाडला चवदार तळ्यावर गेले, तेव्हा तळ्यात पाणी कमी नव्हतं. नगरपालिकेने ते आधीच सर्वांना खुलं केलेलं होतं. तरी ओंजळभर पाणी पिण्याला सत्याग्रह लागला. गावोगावी पाणवठे वेगळे होते ते दुष्काळामुळे नव्हते, आणि दुष्काळात ते एक झाले असंही नाही. उलट विहीर आटत आली की आधी कुणाचा दोर काढला जाई, हे जुन्या माणसांना विचारा. ज्याला पाण्याचे आचार रचायचेत त्याने हा दोर विसरून चालणार नाही. पाणी देण्याची रीत आणि पाणी न देण्याची रीत ह्या एकाच घरात नांदतात. तांब्या पुढे करणारा हातच दुसऱ्याच्या ओंजळीत वरून पाणी ओतत होता.

आणि इथे आमचा दुसरा मुद्दा येतो, तो आम्हाला जास्त टोचतो. आयील आपल्या वाळवंटाला तिहेरी भूमी म्हणतात: घडवायला, पारखायला, आणि पापाची शिक्षा म्हणून मिळालेली. कथेत ते शोभतं. पण त्यामुळे तहान हा सद्गुण होतो. वाचक म्हणतो, काय काटक लोक! हा 'काटक' शब्द आम्ही फार ऐकलाय. आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी वस्त्यांविषयी पाहुणे हमखास तो वापरतात. ज्या गावावरून तालुक्याला आंबेगाव नाव पडलं, ते गाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं, तेही ह्याच तालुक्यातले, महाळुंगे पडवळचे. येडगाव, माणिकडोह, डिंभे, वडज, पिंपळगाव जोगे, अशी कुकडी प्रकल्पाची पाच धरणं ह्या दोन तालुक्यांत आहेत. त्यांचं पाणी पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याकडे जातं. जावंच, तिकडची तहानही खरी आहे. पण धरणाच्या वरच्या अंगाला, जिथे पाऊस कोसळतो त्या वाड्यांवर, वैशाखात बायका हंडा घेऊन झऱ्यापाशी वाटीने पाणी भरतात. तिथे ऊन आहे, खडक आहे, पण वाळवंट नाही. ती टंचाई आराखड्यातून आली. तिला 'काटकपणा' म्हणणं म्हणजे आराखडा करणाऱ्याला मोकळं सोडणं.

जॉर्डनला ह्याची अर्धी जाण होती, हे कबूल केलं पाहिजे. त्यांचं वाळवंटही निसर्गाने केलेलं नाही. सत्ता हाती असलेले लोक वेडे झाले आणि त्यांनी जग मोडलं, त्यातून ते झालं. पण हा धागा त्यांनी आयील लोकांच्या हाती दिला नाही. वाळवंट कुणी केलं, असं एकही आयील विचारत नाही.

आणखी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. दोन्ही लेखकांना आपल्या लोकांना पाणी मिळालेलं बघवत नाही. हर्बर्टच्या चौथ्या भागात, १९८१ सालच्या, ग्रह हिरवा होतो आणि फ्रेमेन म्हणजे जुने पोशाख घालून जुन्या रीतींची नक्कल करणारी संग्रहालयातली माणसं उरतात. आयील मालेत त्यांच्या भविष्याचं एक दर्शन आहे, त्यात त्यांचे वंशज उकिरडे धुंडाळतात. ही इब्न खल्दूनची सहाशे वर्षांपूर्वीची मांडणी: रणातले लोक कडवे आणि एकजुटीचे, शहरात आले की तिसऱ्या-चौथ्या पिढीला मऊ. मोठा विचारवंत, त्याच्या काळाला लागू. पण नारायणगावच्या बाजूला पाट आला, टोमॅटो आला, द्राक्षं आली, आणि माणसं काही संपली नाहीत. रात्री लाईट येते म्हणून उसात बिबट्या असेल ह्या धाकाने बॅटरी घेऊन दारं धरायला जातात, आवर्तन लांबलं की पाटबंधारे खात्याला शिव्या घालतात, विहिरीतल्या चार आणे हिश्श्यावरून सख्खे भाऊ कोर्टात जातात, आणि त्याच भावाच्या घरी लग्नाला टँकरही पाठवतात. पाणी आल्यावरच्या ह्या माणसांचे आचार कुणी कादंबरीत आणले तर आम्हाला वाचायला आवडतील. इथे बसलेल्यांपैकी कुणी लिहिणारं असेल तर त्याने इरिलपासून सुरुवात करावी, आणि त्या दोन टाक्यांवर पाणी भरायला कोण येत होतं आणि कोण येऊ शकत नव्हतं, ते रचावं.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या मुलीने मघापासून हात वर केलाय, तिच्यापासून.