रंग वजा केल्यावर

केनियातल्या त्सावोचे हत्ती लाल दिसतात. तिथली तांबडी माती ते अंगावर उडवून घेतात, तिच्याच चिखलात लोळतात. त्यांचा कृष्णधवल फोटो काढला की त्सावोची ही खूणच पुसली जाते. आफ्रिकेतल्या वन्यजीवांच्या कृष्णधवल छायाचित्रणाचं कौतुक करण्याआधी हे नुकसान मान्य करायला हवं. रंग काढला की चित्र आपोआप गंभीर होतं, असा समज आता फार रुजला आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी कार्ल गेओर्ग शिलिंग्स यांनी तेव्हाच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत रात्रीच्या अंधारात फ्लॅश उडवून सिंह टिपले, तेव्हा रंगाचा पर्याय जवळपास नव्हताच. आज तो आहे. म्हणून रंग का सोडला, याचं उत्तर चित्रातच मिळायला हवं.

छायाचित्रकार निक ब्रँट यांच्याकडे ते मिळतं. 'ऑन धिस अर्थ' (2005), 'अ शॅडो फॉल्स' (2009) आणि 'अक्रॉस द रॅव्हेज्ड लँड' (2013) या तीन पुस्तकांतली चित्रं त्यांनी मीडियम फॉरमॅट फिल्मवर, टेलिफोटो लेन्स न वापरता काढली. त्यासाठी प्राण्याच्या जवळ जावं लागतं, तो आपल्याला सोसेपर्यंत थांबावं लागतं. त्यामुळे चित्रात आभाळ, जमीन, अंतर सगळं राहतं. शिकार नाही, झुंज नाही. प्राणी नुसता उभा असतो, आणि एखाद्या वडीलधाऱ्या माणसासमोर बसल्यासारखे आपण त्याच्यासमोर असतो. केनियातल्या अंबोसेलीत 2007 साली पाणी पिताना टिपलेला त्यांचा हत्ती पाहावा. कातडीची घडीन् घडी, सुळ्यांची लांबी, पाण्यातलं प्रतिबिंब. रंग असता तर नजर इतकी स्थिरावली नसती. 2009 मध्ये चोरट्या शिकाऱ्यांनी त्याला मारलं. पुढच्या वर्षी ब्रँट यांनी वन्यजीव-संवर्धक रिचर्ड बोनहॅम यांच्यासोबत वन्यजीवांच्या रक्षणासाठी 'बिग लाइफ फाउंडेशन' उभारलं.

तरीही या चित्रांत एक उणीव आहे. अंबोसेली ही मासाई गुराख्यांचीही भूमी. ती इथे बव्हंशी निर्मनुष्य दिसते. अनुकरण करणाऱ्यांनी नेमकी हीच उणीव उचलली. काळीशार पार्श्वभूमी, हत्तीचा एकच डोळा, वाऱ्यावरची आयाळ. संगणकावर निळा रंग गडद केला की साध्या दुपारच्या आभाळातही वादळ उभं राहतं. ही चित्रं दिवाणखान्यात शोभतात, पण त्या प्राण्याविषयी काहीच सांगत नाहीत.

पीटर बिअर्ड यांनी सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीच्या दुष्काळात त्सावोतल्या उपासमारीने मेलेल्या हत्तींचे विमानातून फोटो घेतले. तिथे कृष्णधवल हा पंचनामा होतो, सजावट नव्हे. ब्रँट यांनीही 'इन्हेरिट द डस्ट'मध्ये (2016) स्वतःलाच उत्तर दिलं. प्राण्यांची पूर्णाकृती चित्रं त्यांनी पूर्व आफ्रिकेतल्या कचऱ्याच्या ढिगांत, खाणींत, पुलांखाली उभी केली. माणसं त्यांच्या शेजारून आपापल्या कामाला जाताना दिसतात. माझ्या मते या परंपरेतलं हे सर्वांत सच्चं काम आहे.

सेबास्तियाओ सालगादो यांच्या 'जेनेसिस'मध्ये (2013) झांबियातल्या काफुए राष्ट्रीय उद्यानाचा एक हत्ती आहे. चोरट्या शिकारीमुळे तिथले हत्ती माणसांना आणि गाड्यांना घाबरतात, हे मात्र चित्राखालच्या मजकुरातूनच कळतं. म्हणून प्रदर्शनं भरवणाऱ्यांकडे आणि पुस्तकं काढणाऱ्यांकडे एवढंच मागणं आहे: प्रत्येक चित्राखाली ठिकाण आणि साल छापा, आणि त्या प्राण्याचं पुढे काय झालं हे माहीत असेल तर तेही.