लावणीतून निघालेली मेळरागमालिका

नारायणगावला तमाशाच्या राहुट्या पडतात, यात्रांच्या सुपाऱ्या ठरतात. त्या जुन्नर-आंबेगावात लावणी म्हटली की आधी ढोलकी आठवते. कर्नाटक संगीतातल्या एका अतिहिशेबी रचनेचं मूळ मराठी लावणीत आहे, हे तिथं चटकन पटायचं नाही.

पण शिवनेरीवर जन्मलेल्या शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी तंजावरला गेले, त्यांच्याबरोबर मराठीही तिथं रुजली. तिथले शेवटचे राजे शिवाजी. त्यांचे जावई सखारामसाहेब यांच्यावर 'लावणी' वेंकटरावांनी बहात्तर मेळांची, म्हणजे कर्नाटक संगीतातल्या मूळ सप्तस्वरी रागांची, नावं गुंफून मराठी लावणी रचली आणि तिला चाल दिली महावैद्यनाथ अय्यर (१८४४-१८९३) यांनी. पुढे अय्यरांना नरस्तुतीची रुखरुख लागली म्हणे; मग त्यांनी तिरुवैयारूच्या शिवासाठी तोच घाट संस्कृतात बांधला. आज गातात ती हीच. एम. एस. सुब्बुलक्ष्मींनी गायलेली जरूर ऐकावी.

पल्लवी कर्नाटकी श्री रागात. मग कनकांगीपासून रसिकप्रियेपर्यंत मेळागणिक एक ओळ, तिच्यात रागाचं नाव. अक्षरांना ठरलेले अंक असल्यानं नावातच क्रमांक दडलेला: धीरशंकराभरणात 'ध' म्हणजे ९, 'र' म्हणजे २, उलटं वाचलं की २९. हा आपला बिलावल.

सहा-सहा मेळांच्या चक्रात रिषभ-गंधार तेच राहतात, सरकतात फक्त धैवत-निषाद. पण मौज आहे ती सांध्यांत. ओळीनंतरच्या चिट्टस्वरांचा, म्हणजे बांधीव सरगमीचा, पहिला भाग चालू रागाचा, दुसरा येणाऱ्या रागाचा. शब्द येण्याआधीच कान पुढच्या रागात गेलेला असतो. ३६व्या चलनाटात रे, ग, ध, नि जमतील तेवढे वर चढलेले. ३७व्या सालगात ते चारही एकदम तळाला येतात आणि मध्यम तेवढा तीव्र होतो. या घसरणीसाठी मी सगळी रचना पुन्हा ऐकेन.

असाच हिशेब पाश्चात्त्य संगीतात बाखचा: त्याच्या 'वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर'च्या १७२२च्या पहिल्या भागात पट्ट्या २४, पण साचे दोनच, मेजर आणि मायनर. हलतो तो षड्ज. इथं षड्ज-पंचम अढळ, बाकी सगळं हलतं. शिवाय बाख प्रत्येक पट्टीचा प्रिल्यूड-फ्यूग पुरा करून दार लावून घेतो, अय्यर ते उघडंच ठेवतात.

तक्रार एकच. कनकांगीत आपला शुद्ध रिषभच गंधार म्हणून लागतो; तिला एक ओळ पुष्कळ झाली. पण ६५वी मेचकल्याणी आली की यमनवर पोसलेल्या कानाला ती एवढ्यात सोडवत नाही, आणि चिट्टस्वर तर ६६व्याकडे वळलेलेही असतात.