वाद्यावरील अभियोग आणि साथीदाराचे उत्तर

संगीतसमीक्षेत वाद्याचा विचार बहुधा त्याच्या सामर्थ्याच्या अंगाने होतो. वाद्याला काय साधत नाही, हा प्रश्न केवळ दोषदिग्दर्शनापुरताच विचारला जातो. वस्तुतः काही वाद्यांच्या बाबतीत वादकाच्या कलेचा उगम नेमका या असमर्थतेतच असतो. हाताने भाता हलवून वाजवावयाची पेटी, मराठी संगीत रंगभूमीवरचा पायांनी चालणारा ऑर्गन आणि अमेरिकेतील 'सोल' संगीताने आपलासा केलेला विद्युत ऑर्गन, ही तीन वाद्ये या दृष्टीने एका कुळातील मानावी लागतात. तिन्ही वाद्यांवर काही एका काळी अभियोग चालविले गेले आणि त्या अभियोगांना खरे उत्तर मिळाले ते विद्वानांच्या वादातून नव्हे, तर साथीदारांच्या बोटांतून. पं. आप्पा जळगावकर (१९२२–२००९) यांच्या वादनाचे मूल्यमापन याच पार्श्वभूमीवर केले पाहिजे.

प्रथम वाद्याचे स्वरूप पाहू गेल्यास असे दिसते की, पियानोची पट्टी जोराने दाबली असता स्वर मोठा उमटतो व हलक्या हाताने दाबली असता लहान. पेटीची पट्टी असा भेद ओळखत नाही. ती केवळ वाऱ्याची वाट मोकळी करते. स्वराचा लहानमोठेपणा ठरतो तो भात्यावरील हाताने. पायपट्ट्यांच्या ऑर्गनमध्ये हे काम पाय करतात, आणि म्हणून वादकाचे दोन्ही हात स्वरांसाठी मोकळे राहतात. शिवाय अशा ऑर्गनमध्ये वारा बहुधा आत ओढला जात असल्यामुळे त्याचा ध्वनी पेटीहून अधिक गोलाईचा व मृदू असतो. लॉरेन्स हॅमंड यांनी १९३५ साली बाजारात आणलेल्या विद्युत ऑर्गनमध्ये वारा नाही, सूर नाहीत; तेथे फिरणाऱ्या दातेरी चकत्या आणि त्यांच्यापाशी बसविलेली चुंबके यांतून स्वर निर्माण होतो. परंतु पट्टीचा मुका स्वभाव तेथेही कायम आहे. ती विजेच्या बटणासारखी उघडते वा मिटते, आणि स्वराचा चढउतार उजव्या पायाखालील पट्टीने साधावा लागतो. तात्पर्य, तिन्ही वाद्यांत बोटाला भाव सांगण्याची मुभा नाही. भाव सांगावयाचा तो बोटाबाहेरच्या कोठल्या तरी अवयवाने, आणि त्याहूनही अधिक, स्वर केव्हा सुरू करावा व केव्हा सोडावा या निर्णयाने.

या उणिवेवरून पहिला उल्लेखनीय अभियोग अमेरिकेत उभा राहिला. हॅमंड यांच्या कंपनीने आपले वाद्य मोठ्या नळ्यांच्या ऑर्गनची बरोबरी करते असा दावा केला. तेथील संघीय व्यापार आयोगाने त्यास आक्षेप घेतला. १९३७ साली झालेल्या सुनावणीच्या निमित्ताने शिकागो विद्यापीठाच्या प्रार्थनामंदिरात दोन्ही वाद्ये श्रोत्यांपुढे आळीपाळीने वाजविली गेली. श्रोत्यांनी बऱ्याच वेळा फसगत करून घेतली. तथापि १९३८ साली आयोगाने निकाल दिला तो कंपनीने असा दावा करू नये असाच. निकाल न्याय्यच होता. मात्र विचारलेला प्रश्नच गौण होता. नळ्यांच्या ऑर्गनची नक्कल करणे हे त्या वाद्याचे भवितव्य नव्हतेच.

दुसरा अभियोग भारतातला व अधिक गंभीर. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधून आलेल्या हार्मोनियमला बंगालमधील कारागिरांनी जमिनीवर बसून वाजविता येईल असे रूप दिले आणि अर्धशतकाच्या आत ती देवळापासून मैफलीपर्यंत पोचली. तिच्यावरील आक्षेप सुप्रसिद्ध आहेत : एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला येत नाही, सप्तकाचे बारा समान भाग केलेले असल्यामुळे तिचे स्वर रागातील श्रुतींशी जुळत नाहीत, तिचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातून ऐकू येणाऱ्या स्वयंभू गंधारापेक्षा चढा लागतो. आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रातील पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख जॉन फोल्ड्झ यांनी १९३८ साली तिच्याविरुद्ध लिहिले. रवींद्रनाथ ठाकूर हेही तिचे विरोधकच होते. मार्च १९४० पासून आकाशवाणीवर पेटीला बंदी झाली. स्वातंत्र्यानंतर नभोवाणी खाते सांभाळणारे बा. वि. केसकर हे स्वतः महाराष्ट्रीय व संगीताचे जाणकार. पण त्यांच्या कारकिर्दीतही (१९५२–१९६२) ती टिकून राहिली. १९७१ साली ती अंशतः उठली. म्हणजे ज्या तीन दशकांत जळगावकरांच्या पिढीतील वादक घडले, त्या काळात देशातील सर्वांत मोठ्या संगीतसंस्थेचे दार त्यांच्या वाद्याला बंद होते.

आक्षेप खरे असतील तर वाद्यच दुरुस्त करावे, असा एक मार्ग महाराष्ट्रातच चोखाळला गेला. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल आणि त्यांचे सहकारी ई. क्लेमंट्स यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. प्रयोग विद्वत्तेचा होता व त्यामागील तळमळही निःसंशय होती. परंतु मैफलीने ती पेटी स्वीकारली नाही. याचे कारण केवळ वाजविण्याची अडचण एवढेच नव्हे. श्रुती वाढविल्या म्हणून एका श्रुतीवरून दुसरीवर जाण्याची वाट निर्माण होत नाही. बारा ठिपक्यांच्या जागी बावीस ठिपके आले, तरी रेषा उमटत नाही ती नाहीच.

अमेरिकेतील अभियोगाचे उत्तर मात्र अनपेक्षित दिशेने आले. नळ्यांचा ऑर्गन न परवडणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या लहान प्रार्थनामंदिरांनी हॅमंडचे वाद्य घेतले. तेथे ऑर्गनवादकाचे काम प्रवचनकाराच्या व गायकाच्या मागे जाणे, त्यांच्या वाक्याला दुजोरा देणे आणि त्यांच्या श्वासाच्या जागा भरून काढणे हे होते. नऊ सरकत्या दांड्यांनी स्वराचा रंग बदलता येणे, डोनाल्ड लेस्ली यांच्या फिरत्या ध्वनिवर्धकाने त्या स्वराला कंप देता येणे, इतकेच काय, पट्टी दाबताना येणारा 'टक्' असा आवाज, जो निर्मात्यांना दोष वाटत होता, तोही या वादकांनी उच्चारातील व्यंजनासारखा उपयोगात आणला. याच परंपरेतून मेम्फिसचे बुकर टी. जोन्स (जन्म १९४४) पुढे आले. १९६२ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह ध्वनिमुद्रित केलेले 'ग्रीन अनियन्स' हे वाद्यसंगीत जगभर गेले. त्यात वाजणारा ऑर्गनही मोठ्या दिमाखाचा नसून हॅमंड कंपनीचाच एक लहान नमुना होता. पण जोन्स यांचे दैनंदिन काम स्टॅक्स कंपनीत इतर गायकांची साथ करण्याचे होते. त्यांच्या वादनातील मितव्यय याच कामातून आलेला आहे. थोडे स्वर, लांब विराम आणि गायकाला पुढे जाऊ देण्याची वृत्ती यांमुळे ज्येष्ठ वादक म्हणून त्यांच्याविषयी जो आदर दिसतो, तो चापल्याविषयीचा नसून संयमाविषयीचा आहे.

मराठी मुलखातील उत्तर याहून जुने आहे. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी पेटीला स्वतंत्र वाद्याची प्रतिष्ठा मिळवून दिली. 'मानापमान' (१९११) नाटकाच्या चाली देऊन त्यांनीच रंगभूमीला नवे वळण लावले आणि १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीचे ते एक संस्थापक होते. त्या मंडळीत अहमदजान थिरकवा यांचा तबला, कादरबक्ष यांची सारंगी आणि ऑर्गन हे एकत्र नांदले. सारंगी मींड घेई, ऑर्गन भरणा करी. एकाची उणीव दुसऱ्याने झाकावी अशी ती रचना होती. पुढे सारंगी रंगमंचावरून मागे पडली आणि दोन्ही कामे ऑर्गनवर आली. गोविंदराव पटवर्धन (१९२५–१९९६) व तुळशीदास बोरकर (१९३४–२०१८) यांनी नाट्यपदांच्या साथीत जे कौशल्य दाखविले, ते या वाढलेल्या जबाबदारीचेच फळ होय. पदाचा मुखडा उचलून देणे, प्रेक्षकांच्या 'वन्स मोअर'नंतर तोच आवेग पुन्हा जुळवून आणणे आणि गद्य संवादातून गाण्यात जाण्याची पायरी बांधणे, ही कामे एकट्या मैफलीच्या पेटीला कधी करावी लागली नव्हती.

आप्पा जळगावकर यांची जडणघडण मात्र रंगभूमीपेक्षा मैफलीची. त्यांचे बालपण जालन्याचे. तो भाग तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. जालना जिल्हा वेगळा झाला तो १९८१ साली. या प्रदेशात पेटी ही मैफलीच्या आधी भजनाची आहे. समर्थ रामदासांचे जन्मस्थान जांब याच जिल्ह्यातले. त्यांचेच नाव धारण करणाऱ्या सहकारी साखर कारखान्याभोवती अंबड तालुक्यात वसलेले अंकुशनगर हे तर अगदी अलीकडचे गाव. परंतु जुने जांब असो वा नवे अंकुशनगर, हरिनाम सप्ताहात पखवाज व टाळांच्या सोबतीला पेटी असतेच. भजनातील पेटीवाला हा मूलतः साथीदार असतो. अनेक कंठांना एका षड्जावर बांधून ठेवणे हे त्याचे काम. बंदी आकाशवाणीवर होती, देवळात नव्हती; आणि वाद्याचे आयुष्य देवळांनीच राखले, हे ध्यानी घेतले म्हणजे मेम्फिस आणि मराठवाडा यांतील साम्य केवळ कल्पनेचे राहत नाही.

जळगावकरांच्या साथीचे मर्म दोन गायकांच्या संदर्भात चांगले उलगडते. भीमसेन जोशी यांच्या गायनात दमसास दीर्घ, स्वर ठाम आणि तानेचा वेग मोठा. अशा गायकामागे साथीदाराला धोका असतो तो स्पर्धेचा. प्रत्येक तान पेटीवर उमटविता येते, आणि येते म्हणून उमटवावी असा मोह होतो. जळगावकर तानेचा शेवट उचलतात, तिचा सगळा देह नव्हे. त्यामुळे तान गायकाचीच राहते आणि समेवर येताना तिला पायाखाली जमीन मिळते. किशोरी आमोणकर यांच्या आलापीत प्रश्न उलट असतो. तेथे स्वरापेक्षा स्वराकडे जाण्याची वाट महत्त्वाची, आणि ती वाट तर पेटीला वर्ज्य. येथे जळगावकर वाटेचे अनुकरण करीत नाहीत. गायिका स्वराभोवती घोटाळत असता ते आधाराचा स्वर हलक्या भात्याने धरून ठेवतात, आणि ती मुक्कामी पोचल्यावर तो मुक्काम दाखवितात. ऐकणाऱ्याच्या मनात वाट आपोआप पुरी होते. देवल यांना जी रेषा यंत्राने काढता आली नाही, ती येथे श्रोत्याच्या स्मृतीकडून काढवून घेतली जाते.

एकल तबलावादनात धरावयाचा लेहरा हे याच शीलाचे दुसरे प्रमाण. तेथे एकच सुरावट दीर्घ काळ, लय तसूभर न हलविता, फिरवावी लागते. ज्याचा हात गायकाच्या आलापीमागे इतका लवचिक, त्याने येथे इतके अचल राहावे, यात विरोध दिसतो. परंतु दोन्हींचे मूळ एकच आहे. पुढच्या कलावंताला काय हवे, हे ओळखून स्वतःला तेवढ्यापुरते घडविणे, हेच ते मूळ होय. संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार त्यांना २००० साली मिळाला. ज्या वाद्याला शासकीय नभोवाणीने तीस वर्षे दूर ठेवले, त्याच्या साथीदाराचा तो राष्ट्रीय सन्मान होता.

यावर असा आक्षेप घेता येईल की, वादक थोर म्हणून वाद्य निर्दोष ठरत नाही. तो मान्यच केला पाहिजे. पेटीच्या नित्य सहवासाने कित्येक विद्यार्थ्यांचे कान बारा स्वरांना सरावतात, आणि तंबोऱ्यावर आवाज लावण्याची मेहनत टाळली जाते, ही हानी खरी आहे. बंदीचे समर्थक याबाबतीत चुकले नव्हते. त्यांची चूक निराळी होती. शिक्षणातील दोष त्यांनी कलेतील दोष मानला. शिकण्याचे साधन म्हणून जे घातक, ते सिद्ध कलावंताच्या साथीला अपायकारकच असेल असे नाही. कारण तेथे स्वर गायकाचा असतो आणि पेटी त्याच्या आज्ञेत असते. कोणता स्वर वाजवू नये, हे ज्याला कळते, त्याच्या हाती चढा गंधारही उपद्रव करीत नाही.

हा विवेक आज अधिक निकडीचा झाला आहे. जुने ऑर्गन दुरुस्त करूनच वापरावे लागतात. ते नेण्या-आणण्यास जड, आणि त्यांचे कारागीर विरळ. साहजिकच नाट्यगीतांच्या कार्यक्रमांत विजेवर चालणारे, ऑर्गनचा साठविलेला ध्वनी ऐकविणारे वाद्य दिसू लागले आहे. त्यास केवळ यंत्र म्हणून नाकारणे म्हणजे १९३७ आणि १९४० सालचीच चूक पुन्हा करणे होय. हॅमंडचे वाद्यही मुळात नक्कल म्हणूनच निघाले होते. तथापि एक भेद दृष्टीआड करता येत नाही. हॅमंडच्या वादकांनी आपल्या वाद्याच्या उणिवा ओळखल्या व त्यांना भाषा दिली. आजच्या वाद्यात उणिवा झाकण्याचीच सोय इतकी आहे की, वादकाला त्या ओळखण्याची गरज भासू नये. भात्याशी झगडणाऱ्या हाताला श्वास म्हणजे काय, हे पहिल्या दिवसापासून शिकावे लागते. बटणाने तो श्वास उसना मिळू लागल्यास तो शिकविण्याची जबाबदारी गुरूवर येते, वाद्यावर नाही.

म्हणून जळगावकरांचा वारसा पेटी या वस्तूत शोधणे व्यर्थ आहे. मुक्या पट्टीने दुसऱ्याच्या गाण्याला बोलते ठेवण्याची जी रीत त्यांनी सिद्ध केली, तीच त्यांची देणगी. वाद्य बदलले तरी ती रीत शिकविता येईल. ती शिकविली न गेल्यास उत्तमोत्तम जुने ऑर्गन जतन करूनही हाती उरेल ते केवळ लाकूड, पितळ आणि वारा.