स्त्रियांचा पक्ष आणि बाहेर राहिलेली स्त्री

अ‍ॅलिस पॉल यांचे मोठेपण नाकारून मला काही सिद्ध करावयाचे नाही. क्वेकर घरातील ही स्त्री इंग्लंडमधील लढाऊ स्त्रियांबरोबर तुरुंगवास भोगून अमेरिकेत परतली आणि मताधिकाराचा प्रश्न तिने अर्जविनंत्यांतून काढून रस्त्यावर आणला. 1916 मध्ये नॅशनल विमन्स पार्टी उभी राहिली. जानेवारी 1917 पासून तिच्या सभासद स्त्रिया राष्ट्राध्यक्ष विल्सन यांच्या निवासस्थानासमोर फलक घेऊन उभ्या राहिल्या. अटका झाल्या. तुरुंगात पॉल यांनी अन्नत्याग केला, तेव्हा नळी घालून त्यांच्या पोटात बळाने अन्न ढकलण्यात आले. 1920 मध्ये एकोणिसावी घटनादुरुस्ती झाली. हे ऋण मान्य केलेच पाहिजे.

माझा प्रश्न पुढचा आहे. या पक्षाची ‘स्त्री’ कोण होती?

त्याची चाहूल पक्ष जन्मण्यापूर्वीच लागली होती. 3 मार्च 1913 रोजी पॉल यांनी वॉशिंग्टनमध्ये स्त्रियांचा मोठा मोर्चा संघटित केला. दक्षिणेकडील गोऱ्या स्त्रिया बिथरतील या धास्तीने काळ्या स्त्रियांनी मागे चालावे, असे ठरू लागले. झुंडींनी केलेल्या काळ्यांच्या हत्यांविरुद्ध लेखणी चालविणाऱ्या आयडा बी. वेल्स यांनाही इलिनॉयच्या तुकडीतून मागे जाण्यास सांगितले गेले. त्या गेल्या नाहीत. मोर्चा निघाल्यावर बघ्यांच्या गर्दीतून पुढे येऊन त्या आपल्या राज्याच्या तुकडीत चालू लागल्या. ज्यांना गावकुसाबाहेरची जागा नेमून दिली गेली, त्यांना या चार पावलांचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

खरी कसोटी लागली ती विजयानंतर. फेब्रुवारी 1921 मध्ये अ‍ॅडी हंटन यांच्या पुढाकाराने साठएक काळ्या स्त्रिया पॉल यांना भेटल्या. कायद्याने मिळालेले मत दक्षिणेत आम्हाला टाकू दिले जात नाही, पक्षाने हा प्रश्न हाती घ्यावा, एवढेच त्यांचे म्हणणे होते. पॉल यांची भूमिका अशी की, तेथे काळ्या पुरुषालाही मत नाही. सबब हा वर्णाचा प्रश्न आहे, स्त्रियांचा नव्हे.

तर्क वरकरणी नेटका आहे. पण गोरी स्त्री मताला मुकली की तो स्त्रियांचा प्रश्न आणि काळी मुकली की वर्णाचा, याचा अर्थ निखळ ‘स्त्री’ फक्त गोरीच! गोरेपण हाही वर्णच, हे या तर्काला दिसत नाही. आमच्याकडे सवर्णाला स्वतःची जात दिसत नाही, तसेच हे. पक्ष 1923 मध्ये समान हक्कांच्या दुरुस्तीकडे वळला. दक्षिणेतील काळ्या स्त्रीला मताचे खरे संरक्षण मिळण्यास 1965 चा कायदा यावा लागला.

एका वेळी एकच मागणी, हा डावपेच होता, असे समर्थन केले जाते. मला ते पटत नाही. 20 जुलै 1942 रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली दलित महिलांची परिषद भरली. तिने घटस्फोटाचा हक्क मागितला, बहुपत्नीत्वाला विरोध केला, गिरणीतील कामकरी स्त्रियांसाठी रजा मागितली आणि कायदेमंडळात राखीव जागाही मागितल्या. जात कोणती, बाईपण कोणते आणि मजुरी कोणती, अशी वाटणी त्या बायांनी केली नाही. त्यांच्या अंगावर ही ओझी वेगवेगळी पडतच नव्हती.

आणि हा वाद जुना झालेला नाही. 2023 च्या 106 व्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना एकतृतीयांश जागा दिल्या, अनुसूचित जाती-जमातींच्या राखीव जागांतही वाटा ठेवला. पण इतर मागासवर्गीय स्त्रियांची मागणी बाहेर ठेवली. तो जातीचा प्रश्न, स्त्रियांचा नव्हे, हे उत्तर आपण 1921 मध्येच ऐकले आहे.

अ‍ॅलिस पॉल यांच्याकडून निर्धार जरूर शिकावा. पण स्त्रियांचा पक्ष जोखायचा तर पुढारी किती दिवस उपाशी राहिली एवढेच पाहून भागणार नाही. दाराशी आलेल्या शेवटच्या बाईला तिने काय उत्तर दिले, तेही पाहावे लागेल.