कोड खोक्यावर, गोळ्या खिशात

आज आम्ही बोलणार आहोत औषधांच्या वेष्टनावरच्या क्यूआर कोडबद्दल.

१ ऑगस्ट २०२३ पासून तयार होणाऱ्या, मोठ्या खपाच्या ३०० ब्रँडच्या औषधांवर बारकोड किंवा क्यूआर कोड सक्तीचा झाला. डोलो, कॅल्पॉल, शेलकॅल ही घराघरातली नावं त्या यादीत आहेत. कोड स्कॅन केला की औषधाचं मूळ नाव, ब्रँड, कंपनीचा पत्ता, बॅच, उत्पादनाची आणि मुदत संपण्याची तारीख, परवाना क्रमांक असं सगळं कळायला हवं. नकली औषध ओळखता यावं हा हेतू चांगलाच. पण आपल्याकडे लोक औषध घेतात कसं, हे नियम लिहिताना कुणी पाहिलेलं दिसत नाही.

नियम म्हणतो, कोड आतल्या वेष्टनावर छापा; तिथे जागा पुरत नसेल तर बाहेरच्या खोक्यावर चालेल. आता संध्याकाळी नालासोपारा किंवा विरार स्टेशनबाहेरच्या मेडिकलसमोर उभे राहा. लोकलमधून उतरलेला माणूस म्हणतो, "चार गोळ्या द्या." दुकानदार कात्रीने स्ट्रिप कापतो, गोळ्या कागदी पाकिटात घालतो. खोकं फडताळातच राहतं, आणि कोड त्याच्यावर. कोड स्ट्रिपच्या एका टोकाला असला तरी तेच. तो तुकडा ज्याच्या वाट्याला गेला त्यालाच तो मिळाला.

दुसरी गोष्ट. कोड दिसला म्हणजे माल अस्सल, असं समजू नका. जो अख्खं वेष्टन हुबेहूब छापतो, त्याला कोड छापणं काय अवघड? एका खऱ्या खोक्यावरचा कोड हजार खोट्या खोक्यांवर उमटवला, तर फोन दर वेळी तीच बरोबर माहिती दाखवणार. युरोपीय संघात ९ फेब्रुवारी २०१९ पासून डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या बहुतेक औषधांच्या प्रत्येक खोक्याला वेगळा क्रमांक असतो. औषध देताना दुकानात तो स्कॅन होऊन बाद होतो. तोच क्रमांक पुन्हा आला की लगेच इशारा मिळतो. तिथे तपासायचं काम दुकानाचं आहे, आपल्याकडे ते आजारी माणसावर टाकलंय.

आणि त्याने तपासलं तरी हाती काय येतं? आगाशीच्या एखाद्या आजीला परवाना क्रमांक वाचून काय कळणार? गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, हे त्या सक्तीच्या यादीत नाहीच.

म्हणून आमचं म्हणणं साधं आहे. कोड स्ट्रिपवर दोन-तीन ठिकाणी छापा, म्हणजे कापल्यावरही उरेल. प्रत्येक खोक्याला वेगळा क्रमांक द्या आणि तो दुकानातच तपासा. माहिती मराठीतही द्या.

तोवर आपण एक करू शकतो. चार गोळ्या घेतल्या तरी बिल मागायचं, आणि त्यावर बॅच क्रमांक आहे ना, ते काउंटरवरच पाहायचं.